पुंजाजी गोल होत गेला

माघ अर्धा उलटला की अमरावतीच्या राजापेठेत मृगाच्या बहाराची संत्री येऊ लागतात. शेंदूरजनाघाटकडची घट्ट सालीची, देठाशी अजून हिरवट असलेली संत्री. हातगाड्यांवर त्यांचे ढीग लागतात. क्लासला निघालेल्या पोरापोरींच्या गाड्या ढिगांना घासून जातात आणि विकणारा माणूस एका हातानं माल सावरत दुसरा हात त्यांच्या दिशेनं उगारतो. सकाळी अंगात असलेलं स्वेटर दुपारी हातात आलेलं असतं. हे दिवस मला पूर्वी फार आवडायचे. आता संत्र्यांचा वास आला की मी भाजी न घेताच घरी येते.

काही वर्षांपूर्वी याच दिवसांत माझा मोठा भाऊ, मनोहरदादा, अकोल्याहून माझ्याकडे राहायला आला होता. आमचे वडील, आबा, त्या हिवाळ्याच्या सुरुवातीलाच गेले होते. दादाच्या एका पिशवीत कपडे होते आणि दुसरीत कागद, शाईची बाटली, टाक. दारातच तो म्हणाला, "शालू, तुह्या घरी जराशी जागा दे. मले आबाले काढाचं हाये. अकोल्याच्या घरात जमून नाही राह्यलं."

काढायचं म्हणजे चित्रात.

दादा अकोल्याच्या एका दैनिकात रोज चित्रपट्टी काढायचा. चार चौकटी, दोन-तीन माणसं, एक गंमत. पट्टीचं नाव 'पुंजाजी'. मी शाळेत होते तेव्हा ती सुरू झाली आणि मी स्वतः शाळेत भूगोल शिकवून थकले तरी सुरूच होती. मधल्या काळात पेपरचे मालक बदलले, संपादक बदलले, कागद पांढरा झाला, रंग आले. पट्टी मात्र रोज येत राहिली. दादानं लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "उद्याचा पुंजाजी देऊन झाला का पाहू." तो उद्या कधी संपला नाही.

पुंजाजी म्हणजे आमचे आबाच. त्यांचं खरं नाव किसन. बार्शीटाकळीजवळ आमचा लहानसा मळा होता. वांगी, मेथी, कोबी, कडेनं झेंडू. आबा रोज पहाटेच्या गाडीनं माल घेऊन अकोल्याच्या बाजारात जायचे आणि पोतं अंथरून बसायचे. लहानपणी बैलानं ढुशी दिल्यामुळे त्यांचं नाक मधोमध मोडलेलं होतं. डोक्यावर पाट्या वाहून मान डावीकडे कलली होती. तागडीचा काटा पाहताना ते एक डोळा बारीक करायचे, आणि ती सवय इतकी अंगात मुरली होती की माणसांकडेही ते तसेच पाहत. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, हा म्हातारा आपल्यालाच तोलतो आहे.

दादा तेव्हा विशी-बाविशीतला. चित्रकला तो कुठे शिकला नव्हता. त्याला माणसाचं अंग काढता येत नसे, हात तर मुळीच येत नसत, म्हणून पुंजाजीचे हात पहिली काही वर्षं कायम पाटीखाली नाही तर पोत्यात असायचे. पण आबा त्यानं जन्मभर पाहिले होते. त्यानं मोडकं नाक काढलं, कललेली मान काढली, एक डोळा बारीक केला. बाकी सगळ्या चौकटीत दाटीवाटीनं बाजार भरला. कोबीचा एकेक गड्डा, तागडीच्या दोऱ्या, मागे मोकाट गाय, कुणाची तरी छत्री. छापून आल्यावर निम्म्या रेघा एकमेकींत मिसळून जायच्या. तरी लोक बोट ठेवून ठेवून पाहायचे.

पहिली पट्टी आली त्या दिवशी शेजारच्या भाजीवाल्यानं पेपर आणून आबांपुढे धरला. आबांनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. संध्याकाळी घरी येऊन दादाला म्हणाले, "काहून रे मन्या, हा मी व्हय काय?"

दादा घाबरून गेला. "तुमच्यासारखा वाटते काय, आबा?"

"नाकावरून तर मीच वाटतो," आबा म्हणाले. मग आईकडे वळून, "पाह्य वं, पोट्ट्यानं माहं नाक बजारात मांडलं." आणि एवढे हसले की त्यांना ठसका लागला. आई पाणी घेऊन धावली. ती पट्टी त्यांनी कुठे जपून वगैरे ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच पेपरात कुणाला तरी मेथीची जुडी गुंडाळून दिली. पेपर म्हणजे त्यांना रोज येणारी आणि रोज जाणारी वस्तू होती.

सुरुवातीचा पुंजाजी भांडकुदळ होता. अडत्याशी भांडायचा, रस्त्यावरून पोती उचलून नेणाऱ्या पालिकेच्या माणसांशी भांडायचा, भाव पाडून मागणाऱ्या बाईला दोन शब्द सुनवायचा. वऱ्हाडीत बोलायचा, तेही आबांच्याच तोंडचं. दुपारी बाजारात जे घडे ते आबा रात्री जेवताना सांगत आणि दोन दिवसांनी ते पेपरात येई. बाजारातले लोक आबांना पुंजाजी म्हणू लागले. मग बार्शीटाकळीतही म्हणू लागले. किसन हे नाव हळूहळू फक्त मतदार यादीत उरलं.

पुंजाजी बदलायला लागला तो कुणी ठरवून नाही. दादा पुढे एकदा मला हे समजावून सांगत होता तेव्हा मी विचारलं होतं, "पण तू बदललंस कशाला?" तो म्हणाला, "म्या एकही दिवस बदललं नाही, शालू. रोज काल होता तसाच काढला."

पेपरातली जागा आधी कमी झाली. जाहिराती वाढल्या तशी चार चौकटींची पट्टी तीन चौकटींची झाली, पानाच्या डोक्यावरून शब्दकोड्याशेजारी आली, मग राशिभविष्याच्या खाली. लहान चौकटीत ते मोडकं नाक शाईचा डाग वाटायला लागलं, म्हणून दादानं ते थोडं आखूड केलं. मान कललेली असली की बोलण्याचा फुगा डोक्यावर आपटायचा, म्हणून ती थोडी सरळ केली. बारीक केलेला डोळा छपाईत बुजून जाई, म्हणून दोन्ही डोळ्यांच्या जागी दोन ठिपके आले. मागचा बाजार गेला, आधी गाय, मग छत्री, मग कोबीचे गड्डे. शेवटी पायाखाली जमिनीची एक रेघ उरली आणि एके दिवशी तीही गेली. एव्हाना दादाचा हात तयार झाला होता. टाक कागदावर टेकवला की रेघ आपोआप गोल वळायची. पूर्वी एका पट्टीला त्याचा अख्खा दिवस जायचा, आता चहा निवायच्या आत व्हायची. लोक म्हणायचे, काय सफाई आली आहे! आम्हीही म्हणायचो.

बोलणंही बदललं. पेपर दूरच्या शहरांत जाऊ लागल्यावर वरून सांगणं आलं की सगळ्यांना कळेल असं लिहा. 'मले' गेलं, 'मला' आलं. 'काहून' गेलं. पुढे असंही सांगणं आलं, की सकाळी चहाबरोबर लोकांना भांडणं नको असतात. पुंजाजीचं भांडण थांबलं. तो आता कुणी काही बोललं की डोकं खाजवायचा.

मग बकरी आली. एकदा दादाला ताप होता, गंमत सुचत नव्हती, म्हणून त्यानं एक बकरी काढली. दोन गोल, चार काड्या आणि दाढी. ती पुंजाजीच्या हातातला पेपर खाते एवढंच. लोकांना ती भलतीच आवडली. पत्रं आली. दादानं तिला परत आणली, नाव ठेवलं बिजली. वर्षभरात ती आठवड्यातून दोनदा यायला लागली, पुढे रोज. आधी मुकी होती, मग मनातल्या मनात बोलू लागली, मग मोठ्यानं. पट्टीचं नाव 'पुंजाजी आणि बिजली' झालं आणि कुठल्याशा दिवाळीनंतर नुसतं 'बिजली'. पुंजाजी तिच्या मागे गोलमटोल, हसरा, कधी अर्धाच दिसे.

मी वर्गात मुलांना शिकवते, की नदीचा काठ झिजतो तो पुरात दिसतो, पण झिजत असतो रोज. मुलं ते वहीत उतरवून घेतात. मीही शिकवून मोकळी होते. घरात रोज पेपर येत होता, रोज मी तो वाचत होते, आणि आबा त्यातून जाताना मला दिसले नाहीत.

आबांना दिसलं. म्हातारपणी गुडघे गेल्यावर मळा वाट्यानं देऊन ते आणि आई दादाकडे अकोल्याला राहायला आले. सकाळी ओट्यावर उन्हात बसून चष्मा लावून ते पेपर उघडायचे. एकदा सुट्टीत मी गेले होते तेव्हाची गोष्ट. पेपर पाहून त्यांनी दादाला हाक मारली.

"मन्या, पुंजाजी कुटी गेला रे?"

"हाये ना आबा. तो काय, बकरीच्या मांगं उभा हाये."

आबांनी डोळा बारीक करून पाहिलं. मग म्हणाले, "हा मी नोहे. हा लाडू व्हय."

आम्ही सगळे हसलो. आबाही हसले. पण पेपरची घडी घालताना, आमच्याकडे न पाहता, ते आणखी एक बोलले, "पयले भांडे तरी लेकाचा."

दादा हसता हसता थांबला. त्या दिवशी त्यानं पट्टी काढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला हे मला आठवतं. पण दुसऱ्या दिवशी छापून आली ती नेहमीसारखीच होती.

आबा गेले तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, "पुंजाजी गेले." भिंतीवर लावायला फोटो शोधला तर एकही धड नव्हता. फोटो काढायचा म्हटलं की ते उठून जायचे. शेवटी आधारकार्डावरचा मोठा करून आणला. त्यात दात गेलेले, गाल सुजलेले, डोळे ताणून उघडलेले कुणीतरी आहेत. कॅमेऱ्यावरच्या माणसानं मान सरळ करा म्हणून दोन्ही हातांनी धरून केलेली असणार. आई त्या फोटोला हार घालते, पण त्याच्याकडे पाहत नाही.

तेराव्यानंतर दादानं पेपरला फोन केला. पुरवणीचं काम पाहणारी एक तरुण मुलगी होती, दादाला सर म्हणायची, फार आदबीनं बोलायची. दादानं तिला सांगितलं, की ज्यांच्यावरून पुंजाजी काढला ते माझे वडील होते, ते गेले. मला एक आठवडा हवा आहे. सुरुवातीला होता तसा पुंजाजी मी आठवडाभर काढीन, पहिल्यासारखा बोलेल, आणि शेवटच्या दिवशी पाटी उचलून निघून जाईल. बस, एवढंच.

ती म्हणाली, "नक्की सर. किती छान कल्पना आहे. फक्त बिजली असू द्या हं रोज, मुलं वाट पाहतात."

दादा बरं म्हणाला. आणि मग बसला तर त्याला आबा काढताच येईनात.

माझ्याकडे आला तो म्हणूनच. मी शाळेत गेले की तो जेवणाच्या टेबलाशी बसे. खाली क्लास सुटल्याचा गलका, हॉर्न, संत्रीवाल्याची आरोळी. मी परत यायचे तेव्हा टेबलावर कागदांचा ढीग असे आणि दादा खिडकीशी उभा. मी एकेक कागद पाहायचे. सगळ्यांवर तोच. गोल, हसरा, ठिपक्याचे डोळे. कुठे त्याला मोडकं नाक लावलेलं, कुठे मान वाकवलेली, पण ते सोंग वाटायचं. लाडवाला नाक लावल्यासारखं.

"हात आयकत नाही," दादा म्हणायचा. "मी नाकापासून सुरू करतो. नाक बरोबर येते. मंग गाल काढायला गेलो का हात आपला वळते. मले कळते का वळून राह्यला, पण थांबत नाही."

एके दिवशी त्यानं टाक डाव्या हातात धरला. म्हणाला, तेव्हा मला येत नव्हतं, तर आताही न येणाऱ्या हातानं काढून पाहतो. मी समोर बसले होते. रेघ थरथरत निघाली, कपाळावरून उतरली, नाकाशी अडली. क्षणभर मला वाटलं की आता येतील आबा. मग ती रेघ थरथरतच गोल फिरली. दादानं टाक खाली ठेवला. "यालेबी शिकवून ठेवलं उजव्यानं," तो म्हणाला.

मग आम्ही जुन्या पट्ट्या शोधायला निघालो. दादाकडे सुरुवातीचं काहीच नव्हतं. मूळ चित्रं पेपरात दिली की परत येत नसत. अमरावतीच्या एका जुन्या वाचनालयात पेपरांचे बांधीव खंड आहेत असं कळलं. आम्ही दुपारी गेलो. मागच्या खोलीत ट्यूबलाइट फडफडत होती. ग्रंथपालांनी शोधून एक खंड काढून दिला, म्हणाले, याच्या आधीचे ओल लागून गेले. कागद तांबूस झाला होता, कडा हातात येत होत्या. दादा पानं उलटत होता.

आणि आबा दिसले. एकदम, पान उलटता उलटता. पोत्यावर बसलेले, मान कललेली, एक डोळा बारीक, समोरच्या अडत्याला म्हणताहेत, 'ह्या कोबीले मी रोज विचारतो का तुले इकू का नको.' हात पाटीखाली. पाय तर चुकलेलेच, दोन्ही डावे. पण ते आबाच होते. त्यांच्या धोतराला येणारा मेथीचा आणि घामाचा वास मला त्या कोंदट खोलीत आला.

दादानं त्या चित्रावर बोट ठेवलं. मग अगदी हळू म्हणाला, "हे म्या काढलं?"

त्याला ते परक्या माणसाचं वाटत होतं. खिशातून पातळ कागद काढून त्यानं ग्रंथपालांची परवानगी घेतली आणि त्या चित्रावर ठेवून ते गिरवून घेतलं. घरी येऊन टेबलावर कागद पसरला. मी म्हणाले, "दादा, झाले की आबा."

त्यानं मान हलवली. "हे नुसतं गिरवलं हाये, शालू. ह्या नाकाले पुढच्या चौकटीत वळवायचं झालं तर कसं वळते, मले माहीत नाही. तेव्हा माहीत होतं. तेव्हा मले चित्र येत नव्हतं, म्हणून मी आबाकडे पाहे. मंग चित्र आलं. मंग कायले पाहतो?" थोड्या वेळानं म्हणाला, "ते ओट्यावर बसून राहत ना, शालू. माह्या टेबलापासून दहा पावलांवर."

मी संत्री सोलून त्याच्यापुढे ठेवली. त्यानं एक फोड उचलली आणि तशीच हातात धरून बसला.

शेवटी त्यानं ते गिरवलेलं चित्रच घेतलं. सहा दिवस त्यात थोडा थोडा फरक करून, एकाच बाजूनं पाहणारा, पोत्यावरून न उठणारा पुंजाजी त्यानं तयार केला. पुंजाजीला उठवता येत नव्हतं, म्हणून शेवटच्या दिवशी त्यानं रिकामं पोतं काढलं. बिजली शेजारी उभी. तिला त्यानं काही बोलायला दिलं नाही. आबांचीच वाक्यं आठवून आठवून फुग्यात लिहिली, वऱ्हाडीत. ती लिहिताना मात्र तो भराभर लिहीत होता. आवाज त्याला आठवत होता. माझ्या फोनवरून त्या पट्ट्या पाठवल्या आणि त्या रात्री, कित्येक दिवसांनी, तो पोटभर जेवला.

सोमवारी सकाळी तो स्वतः खाली जाऊन पेपर घेऊन आला. जिन्यातच त्यानं तो उघडला असणार, कारण वर यायला त्याला फार वेळ लागला. मी दार उघडून पाहिलं तर मधल्या पायरीवर बसला होता. मी पेपर हातात घेतला. राशिभविष्याच्या खाली बिजली होती. तिच्या मागे गोल, हसरा पुंजाजी. वाक्य आबांचंच होतं, पण प्रमाण मराठीत.

मीच फोन लावला आणि दादाच्या हातात दिला. पलीकडे तीच मुलगी. आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"सर, तुमचं चित्र जरा बिघडलेलं आलं होतं. मान वाकडी झाली होती, डोळाही एक बुजला होता. पाठवताना काहीतरी झालं असेल. आमच्याकडे सगळ्या पोझेस सेव्ह आहेत ना, म्हणून आमच्या मुलांनी जुना पुंजाजी टाकला."

"जुना?" दादानं विचारलं. "जुना म्हणजे?"

"म्हणजे नेहमीचा, सर."

दादा थोडा वेळ फोन कानाशी धरून राहिला. तो भांडेल असं मला वाटलं. मी वाट पाहत होते. आबा असते तर त्या पोरीला फोनमधून बाहेर काढली असती. दादा म्हणाला, "ठीक आहे, बेटा," आणि फोन मला दिला. तिचा दोष नव्हता, हे आज मलाही कळतं. ती जन्माला आली तेव्हा पुंजाजी गोल व्हायला लागला होता. तिनं वाकडी मान कधी पाहिलीच नव्हती.

उरलेले पाच दिवस तसेच छापून आले. सातव्या दिवशी रिकाम्या पोत्याच्या जागी त्यांनी बिजली उड्या मारताना टाकली, कारण त्या चित्रात कुणीच नाही असं त्यांना वाटलं. दादा दुसऱ्याच दिवशी अकोल्याला निघून गेला. बसस्थानकावर मी त्याला सोडायला गेले. गाडी लागेपर्यंत आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. तो म्हणाला, "आता मी नाही काढत." मी म्हटलं, "दोन दिवस जाऊ दे, मग पाहा." गाडी लागली तशा त्यानं दोन्ही पिशव्या उचलल्या.

त्यानं खरंच काढलं नाही. आणि त्यानं काही बिघडलंही नाही. पेपरकडे बिजलीच्या सगळ्या पोझेस होत्या. आता ती संगणकावरच तयार होते, फुग्यातला मजकूर कुणीतरी लिहितं. आजही येते. माझ्या वर्गातल्या मुलींच्या दप्तरावर तिचं चित्र असतं. त्यांना मी कधी सांगितलं नाही. काय सांगणार? की या बकरीच्या मागे एक माणूस होता, त्याच्याही मागे आणखी एक माणूस होता, आणि त्याच्या मागे अख्खा बाजार? त्या ऐकून घेतील आणि विचारतील, मॅडम, परीक्षेला आहे का?

या माघात मी दोन दिवस अकोल्याला जाऊन आले. आई आता फार थकली आहे. अंगणात उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलते, दाणे कमी आणि शेंगा जास्त मांडीवर पडतात. दादा तिच्याजवळ खुर्ची टाकून बसला होता. त्याचे केस सगळे पांढरे झाले आहेत. मीही शेंगा सोलायला बसले. मध्येच आई म्हणाली, "मन्या, भिंतीवरचा तो फोटो काढून टाक बापा. मले भेव वाटते त्याचं. तो कोन हाये मले माहीत नाही. त्यापेक्षा तू काढ तुह्या बापाचं एक चित्र."

दादा म्हणाला, "मले येत नाही, आई. मी डोये मिटले का आबा दिसतच नाहीत. पेपरातला पुंजाजी दिसते."

मला वाटलं, ती रागावेल, निदान रडेल. ती शेंग सोलत राहिली. मग म्हणाली, "मंग तोच काढ. त्याले हार घालू."

दादा जागचा हलला नाही. मीच आत जाऊन कागद आणि पेन घेऊन आले. त्यानं कागद गुडघ्यावर ठेवला. चार वळणं घेतली, दोन ठिपके दिले, एक हसू. त्याला कागदाकडे पाहावंही लागलं नाही.

आईनं हात पदराला पुसले, कागद घेतला, उन्हात दूर धरून पाहिला. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू ओळख आली.

"व्हय," ती म्हणाली. "असेच होते."